दोन्ही कान कातरलेली मेंढरं

कडेवर धुतलेल्या कपड्यांची पाटी होती. तशीच मला वर्गात बोलावलं. पाटी खाली ठेव असं कुणी म्हणालं नाही. मीही ठेवली नाही. त्या शाळेत पाटी कुठं टेकवायची हेसुद्धा आपण ठरवायचं नसतं, असं मला तेव्हा वाटायचं.

तयारीच्या वर्गात बावीस मुली. समोर मिस. फळ्याजवळ शालन उभी, मान खाली. तिच्या हातात तिचाच पेपर, त्यावर लाल शून्य. वाटाण्याएवढं नाही. बशीएवढं.

मिस माझ्याशी मराठीत बोलल्या. एरवी त्या आम्हा आयांशी बोटानं बोलायच्या. हे उचल, ते तिकडं ने.

"आया, ही म्हणते, ही गणितं हिला तू शिकवलीस. खरं का?"

वर्ग हसला. पहिल्या बाकावर सुरू झालं ते हसू मागच्या भिंतीपर्यंत गेलं आणि परत आलं.

"सांग ना. तू गणित शिकवतेस? मग मी काय करू? तुझी पाटी घेऊ कडेवर?"

आणखी हसणं. शालननं मान वर केली. माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर भीती नव्हती. आता अक्का आली, आता सगळं सरळ होईल, असं ते बघणं होतं.

मी म्हणाले, "न्हाई मिसबाई. मला काय येतंय."

"ऐकलंस?" मिस शालनला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "जा."

मी गेले. पाटी कडेवरच होती.

आता हे लिहिताना हात थांबतो. मिसनी केला तो अपमान मला पाठ आहे. पण त्या वर्गात दोन अपमान झाले. दुसरा मी केला. बारा वर्षांच्या पोरीचा, भर वर्गात.

मी माण तालुक्यातली. मेंढरांचं घर. गावात चौथीपर्यंत शाळा होती, तेवढी केली. पाचवीला दुसऱ्या गावाला जायचं, आणि मेंढरांमागं हात कमी होते. शाळा सुटली. गुरुजी घरी आले होते, म्हणाले, हिचा हिशेब चांगला आहे. बाप म्हणाला, "मंग आमच्याच कामाचा हाय की." तिथंच संपलं.

पुढं लग्न. मग बहात्तरचा दुष्काळ. मेंढरं डोळ्यांदेखत बसली ती उठली नाहीत. नवरा मुंबईला हमालीला गेला. मी खडी फोडली. माझा मावसभाऊ पाचगणीला एका इंग्रजी शाळेच्या स्वयंपाकघरात होता, त्यानं निरोप धाडला, मुलींच्या वसतिगृहात आया पाहिजे. दहिवडीहून सातारा, साताऱ्याहून वाई, मग पसरणीचा घाट. घाटात मला दोनदा उलटी झाली. वर पोचले तर मावसभावानं हात धुवायला नळाजवळ नेलं. मी नळ सोडला आणि बघतच राहिले. पाणी येतच होतं.

"आगं बंद कर," तो म्हणाला. "साहेब बगतील."

त्या दिवसापासून दोन वर्षं मी रोज सकाळी शाळेच्या दगडी पायरीला हात लावून कपाळाला लावत होते. देवळात लावतात तसा. घरी सासू, दीर, दोन नणंदा माझ्याकडं डोळे लावून होत्या. ही पायरी सुटली तर परत खडी. म्हणून कुणी हाक मारली की मी हातातलं टाकून पळायची. काय चुकलं असेल?

त्या शाळेचा अभ्यासक्रम विलायतेचा. पुस्तकं बोटीनं यायची. मुली मुंबईच्या, आफ्रिकेतल्या, इराणातल्या. पण त्या काळात सातारा-सांगलीकडच्याही थोड्या यायला लागल्या होत्या. उसाच्या घरातल्या, फौजेतल्या. गावच्या मराठी शाळेतून त्यांना एकदम त्या वर्गात बसवता येत नसे, म्हणून एक वर्षाचा तयारीचा वर्ग. वर्षाच्या शेवटी परीक्षा. पास झाली तर पुढं, नाही तर घरी.

इंग्रजी, गणित मिस शिकवायच्या. बाकीचं सगळं आमच्याकडं. खाटेवर झोपताना पोर खाली पडू नये म्हणून चादर कशी खोचायची. बुटाची नाडी. काटा डाव्या हातात. जेवताना भुरका मारायचा नाही. संडासात बसायचं कसं, हेसुद्धा. पहिल्या आठवड्यात नव्या मुली उशा भिजवायच्या, त्या आम्हीच उन्हात घालायच्या. पण त्यांच्याशी मराठीत बोलायची आयांना बंदी होती. मराठी बोललं की त्यांची जुनी सवय मोडत नाही म्हणे. आमची इंग्रजी म्हणजे येस आणि नो. म्हणजे रडणाऱ्या पोरीला जवळ घ्यायचं आणि तिला नो म्हणायचं.

आणखी एक काम माझ्याकडं होतं. प्रत्येक मुलीला एक नंबर. तिच्या प्रत्येक कपड्यावर, मोज्यावर, रुमालावर तो लाल दोऱ्यानं शिवायचा, म्हणजे धुण्यात अदलाबदल होत नाही. शालन त्रेसष्ट. आम्हा आयांनाही नंबर होते. मी चार.

शालन तासगावकडची. बाप फौजेत सुभेदार. ऑफिसरांच्या पोरी इंग्रजीत बोलताना त्यानं बघितल्या होत्या, आणि त्याच्या मनानं घेतलं होतं. पण घरात त्याची आई तयार नव्हती. शेवटी ठरलं, एक वर्ष. पास झाली तर शिकेल, नाही तर घरी आणून लग्नाचं बघायचं. हे शालननंच मला सांगितलं, दुसऱ्याच दिवशी, मी तिच्या झग्यावर नंबर शिवत होते तेव्हा.

मग म्हणाली, "तुमचं नाव काय वो, अक्का?"

मी दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं. नाव सांगितलं. त्या शाळेत माझं नाव विचारणारी ती पहिली.

इंग्रजीत ती हळूहळू सुधारली. अडली ती गणितात. गावाकडं तिचा पहिला नंबर असायचा. पण इथलं पुस्तक वेगळंच. त्यात बेरजा-वजाबाक्या कमी आणि वर्तुळं जास्त. लाल वर्तुळ, निळं वर्तुळ, एकमेकांवर चढलेली. दिवाळीनंतर एका दुपारी मी पटांगणात कपडे वाळत घालत होते आणि ती दोरीखाली पुस्तक घेऊन रडत बसली होती.

"काय लिवलंय त्यात?" मी विचारलं.

"वर्गात वीस पोरी हायत. चौदा जणी हॉकी खेळत्यात. अकरा जणी टेनिस खेळत्यात. काहीच खेळत न्हाई आशी एक बी न्हाई. तर दोनी खेळणाऱ्या किती."

"मंग?"

"चौदा आन् अकरा पंचवीस हुत्यात. पोरी वीसच. पाच पोरी आल्या कुठनं?"

मला हसू आलं. पोटातून आलं. कारण त्या पाच पोरी मला ओळखीच्या होत्या.

आमच्या वाड्यावर बापाची आणि चुलत्याची मेंढरं एकत्र चरायची. बापाच्या मेंढराचा डावा कान कातरलेला, चुलत्याच्या मेंढराचा उजवा. पण काही मेंढरं दोघांच्या अर्धलीत होती. निम्मं याचं, निम्मं त्याचं. त्यांचे दोन्ही कान कातरलेले. मी सात वर्षांची असताना बापानं मला मोजायला सांगितलं. मी आधी डावे कान मोजले, मग उजवे कान मोजले, आणि दोन्हीची बेरीज करून सांगितली. संध्याकाळी बापानं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं कोंडताना डोकी मोजली. नऊ कमी. तो आणि चुलता दुसरा सगळा दिवस डोंगर हिंडले. नसलेली मेंढरं शोधत. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्या आजोबाच्या ध्यानात आलं. त्यानं मला जवळ बसवलं आणि दोन्ही कानांवर बोट ठेवून सांगितलं, "हे मेंढरू दोघांचं हाय बाळ. पर हाय एकच."

मी शालनला ते सांगितलं. तिला कळलंही आणि नाहीही. मग मी वाळत घालायच्या दोन मोकळ्या दोऱ्या घेतल्या, गवतावर त्यांची दोन गोल रिंगणं केली. पाटीतून वीस रुमाल काढले, प्रत्येकावर एकेकीचा नंबर.

"ही हॉकीची वाघूर. ही टेनिसची. टाक एकेक रुमाल."

ती टाकत गेली. खऱ्या मुली आठवून. ही हॉकी, ही टेनिस. सत्तेचाळीस नंबरपाशी थांबली. "ही दोनी खेळती. रुमाल एकच हाय. कुठं टाकू?"

मी पुढचा कपडा दोरीवर घातला. तिनं रुमाल इकडं ठेवला, तिकडं ठेवला. मग दोरी उचलली आणि एक रिंगण दुसऱ्यावर सरकवलं. मधे जागा झाली. त्यात रुमाल टाकला.

माझ्याकडं बघून म्हणाली, "दोनी कान."

त्यानंतर रोज दुपारी. आधी ती एकटी, मग तिच्यासारख्या आणखी चौघी. कोरेगावची एक, वाळव्याच्या दोघी, फलटणची एक. मी कपडे वाळत घालायची, त्या भिंतीच्या आडाला गवतावर रुमाल मांडायच्या. मराठीत. कुणी येताना दिसलं की मी म्हणायची, नो, नो, आणि त्या रुमाल गोळा करायच्या. मावसभावानं एकदा बघितलं.

"आगं, ह्या भानगडी कशाला? दोन येळचं मिळतंय. गप ऱ्हा की."

मला ते पटायचं. तरी दुसऱ्या दुपारी मी दोन दोऱ्या मोकळ्या ठेवायचीच.

मार्चमध्ये परीक्षा झाली. गणिताच्या पेपरात वर्तुळांची दहा गणितं. शालनची दहाच्या दहा बरोबर. तिनं वर्तुळं काढली नव्हती. प्रत्येक गणिताशेजारी लहान लहान कान काढले होते, काही डावे, काही उजवे, काही जोडीनं, आणि खाली उत्तर. शेजारच्या बाकावरच्या मुंबईच्या मुलीचीही दहा बरोबर. मिसनी एकच अर्थ लावला. जी पोर दिवाळीपर्यंत काठावर पास होत होती ती दहाच्या दहा कशी सोडवेल? चोरी झालीच असणार, म्हणून त्या चोर शोधत होत्या. नसलेली मेंढरं.

शालननं खरं सांगितलं. आणि मला बोलावलं गेलं. पुढचं वर सांगितलं आहे.

त्यानंतर तीन दिवस मी शालनसमोर गेले नाही. तिची खाट दुसऱ्या आयेकडून झाडून घेतली. जेवताना ती माझ्या बाजूला बसली नाही. मी मनाला समजावत होते. पोर लहान आहे, विसरेल. मला घर आहे. तिचा बाप सुभेदार आहे, त्यांचं काय अडतंय.

चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसातून शिपाई आला. चिठ्ठी होती. त्रेसष्ट नंबरची मुलगी आज घरी जाणार, तिचे सगळे कपडे काढून नंबर उसवून ठेव. नंबर जूनमध्ये दुसऱ्या मुलीला द्यायचा आहे.

मी कात्री घेऊन बसले. पहिल्या झग्यावरचा उसवला. दुसऱ्यावरचा उसवला. तिसरा रुमाल होता. तोच, पटांगणातला. गवताचा डाग पडलेला, धुऊनही न गेलेला. सहा काढला. तीनवर कात्री थांबली.

मी ती पायरी रोज कपाळाला लावत होते. कशासाठी? नळाच्या पाण्यासाठी. पाणी डोंगराचं होतं. जेवणासाठी. ते मी सकाळी पाचपासून राबून खात होते. या शाळेनं मला दिलं होतं ते माझ्या कामाचं दिलं होतं, आणि मी त्याच्यावर वर आणखी एक दिलं. पोरीच्या बाजूनं द्यायची खरी साक्ष वाहून टाकली. फुकट. कुणी मागितलीही नव्हती, मी आपणहून ठेवली पायरीवर.

मी दोन दोऱ्या उचलल्या, पाटीत रुमाल भरले आणि ऑफिसात गेले.

आत शाळेचे मोठे साहेब, मिस, आणि एका खुर्चीच्या कडेवर शालनचा बाप. साधे कपडे, पायात फौजेचे बूट. शालन त्याच्यामागं.

मी पाटी साहेबांच्या गालिच्यावर टेकवली.

"पोरगी खरं बोलत हुती. म्या खोटं बोलले. मीच शिकिवलंय तिला."

मिस म्हणाल्या, "आया, बाहेर जा."

मी गेले नाही. गुडघ्यावर बसले, दोऱ्यांची रिंगणं केली, रुमाल मांडले. एक रिंगण वाकडं आलं. मेंढरांचं सांगितलं, कानांचं सांगितलं. सुभेदार खाली वाकून बघत होता. साहेबांना मराठी थोडी कळायची. त्यांनी मोडक्या हिंदीत मला एक गणित घातलं. तीस मुली, एकवीस पियानो वाजवतात, सतरा पोहतात, प्रत्येक मुलगी काहीतरी करते.

"आठ," मी म्हणाले.

"पाठ असेल तिला," मिस म्हणाल्या.

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता. "बहुत अच्छा," म्हणाले. दारावर खेळ करणाऱ्याला म्हणतात तसं. मग मिसशी इंग्रजीत बोलले, आणि मिसनी सुभेदाराला मराठीत सांगितलं. चोरीचा आरोप काढून टाकू. पण पेपरात रीत दाखवलेली नाही, कान काढलेत. विलायतेच्या नियमात ते बसत नाही. गुण देता येणार नाहीत. फार तर शालननं तयारीचं वर्ष पुन्हा करावं.

सुभेदार उठला. साहेबांना सलाम केला नाही. "आनि एक वरीस माज्या हातात न्हाई," एवढंच म्हणाला.

मी स्टँडवर गेले. कुणाला न विचारता, कामाच्या वेळेत. शालन गाडीत बसली होती, पलीकडच्या खिडकीला. मी अलीकडच्या बाजूला उभी. तिनं मान वळवली नाही. सुभेदार खाली होता.

"तुमी शिकिवलं, लय उपकार झालं," तो म्हणाला. ट्रंक वर चढवून झाली. "बाई, रागानं न्हाई इच्यारत. त्या दिवशी वर्गातच बोलला आसता तर?"

त्याच दिवशी बोलले असते तर मिसनी ऐकलं असतं का? बहुतेक नाही. पण शालन त्या बाजूच्या खिडकीला बसली नसती.

गाडी घाटाकडं वळली.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. मिसनी वाचून दाखवला. मी, आया नंबर चार, नियम मोडून मुलींशी मराठीत बोलले, त्यांच्या अभ्यासात ढवळाढवळ केली, परत करणार नाही, क्षमा मागते.

"साहेबांनी तुला काढायचं नाही असं ठरवलंय," मिस म्हणाल्या. "खरं तर काढायलाच हवं होतं. उपकार मान. इथं अंगठा कर."

"मला सही येती."

"मग सही कर."

"ह्यात माजं नाव न्हाई," मी म्हणाले. "आन् चुकी ह्यात लिवल्याली न्हाई. माजी चुकी येकच. मी तुमच्या वर्गात खोटं बोलले. त्ये लिवा, नावानिशी, मी सही करते."

मिसना माझं नाव माहीत नव्हतं. तेव्हाही त्यांनी ते विचारलं नाही. "महिनाअखेरपर्यंत विचार कर," म्हणाल्या, आणि कागद पुन्हा फाइलला लावला.

बाहेर मावसभाऊ उभा. "केलीस का सही?"

"न्हाई."

"काढत्याल गं तुला. परत खडी फोडशील."

"फोडीन. दगडाला मी कवा खोटं सांगितलं न्हाई."

त्या दिवशी पायरी उतरताना मी हात लावला नाही. पायरी आहे. चढायची आणि उतरायची.

दुपारी पटांगणात कपडे वाळत घातले. चौघी मुली लांब उभ्या होत्या, शालनचं झालेलं बघून बावरलेल्या. तयारीच्या वर्गाच्या खिडक्या पटांगणाकडं उघडतात. सगळ्या उघड्या होत्या, आत मिस होत्या. मी दोऱ्या भिंतीच्या आडाला नेल्या नाहीत. बरोबर खिडक्यांसमोर गवतावर टाकल्या, एकावर एक चढवून.

"या," मी हाक मारली. मोठ्यानं, मराठीत.

त्या आल्या. वाळव्याच्या थोरलीनं खिडकीकडं बघितलं, म्हणाली, "अक्का, मिसबाईंनी इच्यारलं कुणी शिकिवलं, तर काय सांगू?"

मी तिच्या हातात रुमाल दिला. त्रेसष्टमधला तीन त्याच्यावर अजून होता.

"माजं नाव सांगायचं," मी म्हणाले. "आया म्हनायचं न्हाई. नंबर सांगायचा न्हाई. नाव. आन् मला बोलावलं तर मी येनार. पाटी भाईर ठिवून येनार."